क्वान यिनचा कौल

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. सासूबाईंसाठी कौल घेऊन आली, त्या दिवसापासून सुचित्राला अन्न गोड लागेना. आणि कौल तरी कुठला, तर वॉटर्लू स्ट्रीटवरच्या चिनी देवळातला, क्वान यिन देवीचा!

झालं होतं असं. नवरा शामकांत बोटीवर चीफ इंजिनियर, घरी सुचित्रा आणि तिची मुलगी किमया दोघीच, म्हणून सासूबाई, शुभदाबाई, वेंगुर्ल्याहून परदेशात बेडोकच्या फ्लॅटवर सोबतीला आल्या. आल्या आणि खोकायला लागल्या. एक्स-रे काढला तर डॉक्टरने उजव्या फुप्फुसातल्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. म्हणाला, स्कॅन करा, तुकडा काढून तपासा, उशीर नको.

सुचित्राची झोप उडाली. सासूच्या काळजीने? होती, काळजीही होती. पण खरं सांगायचं तर जास्त काळजी स्वतःची. ऑफिसात नवा साहेब, किमयाची सहावीची पीएसएलई परीक्षा तोंडावर, नवरा भर समुद्रात, आणि आता हॉस्पिटलच्या वाऱ्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! पुण्याची नणंद अदिती फोनवर म्हणाली, "पाठव की इकडे, मी बघते." पण आजारी सासूला "निघा" म्हणायचं कुठल्या तोंडाने? शामकांतने तर हातच झटकले, "आई म्हणेल तसं."

तेवढ्यात शेजारची गेक लान आंटी म्हणाली, देवीला विचार ना! तिच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा देवीच्या काड्यांना विचारून ठरलं होतं. हे कळलं मात्र, शुभदाबाईंची कळी खुलली. "अगो, म्हणजे आमचो कौलच मगे!" त्यांच्या गावात लग्न असो, आजारपण असो, देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. उजवी पाकळी पडली की देव हो म्हणाला. "तूच जा बाय. देवी सांगात तसा करूया."

सुचित्रा आंटीबरोबर गेली. गुडघे टेकले, सासूचं नाव, वय, पत्ता मनात सांगितला, इथेच ठेवू की पुण्याला पाठवू ते विचारलं आणि नंबर घातलेल्या काड्यांचा बांबूचा नळा खळखळ हलवला. एक काडी उसळून खाली पडली. हीच काडी खरी का, हे विचारायला लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकायचे असतात. एक पालथा, एक उताणा पडला तर हो. तसेच पडले. काडीच्या नंबरची चिठ्ठी काउंटरवर मिळाली, मागे इंग्रजीत अर्थ होता: आजाऱ्याला हलवू नये, जवळच्या वैद्याकडे लवकर न्यावे.

देवीने डॉक्टरपेक्षाही स्वच्छ सांगितलं होतं. पण बाईला ते नकोच होतं ना! आंटी उदबत्त्या लावायला बाहेर गेली तशी तिने नळा पुन्हा हलवला. दुसरी काडी पडली. तुकडे टाकले, दोन्ही पालथे. म्हणजे नाही. तरी तिने त्या काडीची चिठ्ठी घेतली. त्यात होतं, प्रवास शुभ. पहिली चिठ्ठी तिने देवळाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि दुसरी घरी येऊन सासूच्या हातावर ठेवली.

शुभदाबाईंनी ती डोळ्यांना लावली. "जा म्हणता तर जावक होया," एवढंच म्हणाल्या. एकटीला कसं धाडायचं, म्हणून शामकांतचा मित्र दीपेश मुंबईला जाणार होता त्याच्या सोबतीने तिकीट काढलं, आणि त्यात आठवडे गेले. खोकला वाढला. रुमालावर एकदा लाल ठिपका दिसला, तो सुचित्राने पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. स्वतःचीच तिला किळस आली, पण तोंड उघडेना.

निघायच्या आदल्या दिवशी शुभदाबाई हटून बसल्या. कौल दिलेल्या देवीला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. झालं, टॅक्सी करून दोघी देवळात.

शुभदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि तिथल्या चिनी गर्दीत खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवी म्हाराजा! परमुलखात तुझ्या पायाकडे इलंय!"

गाऱ्हाण्याला सोबतच्या माणसाने साथ द्यायची असते. सुचित्रा हळूच म्हणाली, "होय म्हाराजा."

"माझ्या सुनेन माझी सेवा केली, तिका सुखी ठेव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"तिना माझ्यासाठी तुझो खरो कौल आणल्यान, म्हाराजा!"

सुचित्राच्या तोंडून शब्द फुटेना. शुभदाबाई थांबल्या. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणाल्या, "खरो कौल आणल्यान, म्हाराजा!"

"नाही, आई." सुचित्रा रडायलाच लागली. "नाही हो. देवीने जा म्हटलंच नव्हतं. हलवू नका म्हणाली होती, लवकर डॉक्टरकडे न्या म्हणाली होती. मी दुसरी काडी काढली. मला झेपणार नाही वाटलं. मीच तुम्हाला घालवत होते."

शुभदाबाईंना खोकल्याची उबळ आली ती त्यांनी पदरात जिरवली.

"नको म्हटला असतंस तर मी गेले असते गो," त्या म्हणाल्या. "देवीक कित्याक मधी घातलंस? इतके दिवस मी तिच्यावर रुसान होतंय. म्हटला, परक्या देवीकसुद्धा मी नको झालंय. आणि ती बिचारी हयच रव म्हणत होती."

"उद्याच जाऊ हॉस्पिटलात. तिकीट रद्द करते. आई, प्लीज."

"जाऊया," शुभदाबाई म्हणाल्या, आणि देवीकडे वळल्या. आवाज आता खाली आला होता.

"काय चूक-भूल झाली असात ती पदरात घे, म्हाराजा."

सुचित्राने ओठ उघडले. पण शुभदाबाई तिच्यासाठी थांबल्या नाहीत. स्वतःच म्हणाल्या, "होय म्हाराजा," आणि नमस्कार करून उठल्या.