तिरप्याचा दुसरा भाग

सेवकराम रंगारींनी ज्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते काही फार लांबून आलेलं नव्हतं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या, सहावीतल्या एका मुलीने ते लिहिलं होतं. तिच्या घरापासून सेवकरामचं जवाहरनगरचं क्वार्टर सायकलच्या अंतरावर. पण पाकिटावर 'तिरप्याचे लेखक यांस' एवढंच होतं. त्यामुळे ते आधी मुंबईला टीव्ही वाहिनीच्या कचेरीत गेलं, तिथून नागपूरच्या स्टुडिओत, आणि दोन-अडीच महिने फिरून, कडा मळवून, त्यांच्या हातात पडलं.

तिरप्या हा खेकडा. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात राहणारा, तिरपा चालणारा आणि ज्याला त्याला 'काहून?' विचारणारा. बगळा म्हणाला, 'इथून पुढं माझी हद्द', की तिरप्याचं ठरलेलं, 'काहून?' नागपूरच्या एका लहान स्टुडिओने त्याचं कार्टून काढलं होतं; दहा-दहा मिनिटांचे तेरा तुकडे. लिहिणारे सेवकराम. नोकरी जवाहरनगरच्या सरकारी कारखान्याच्या वाचनालयात, पुस्तकं द्यायची-घ्यायची. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की ते काहीतरी कारण काढून उठून जात. म्हणून कार्टूनवर नाव दिलं 'बांधकरी'. कोणी विचारलंच तर सरकारी नोकरीचं कारण सांगायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी मुंबईच्या वाहिनीने दुसरा भाग काढला. रंग झकपक झाले, गाणी आली. त्यानंतरचं हे पत्र.

'दुसऱ्या भागात तिरप्या "का?" म्हणतो. मी वर्गात "काहून" म्हटलं की बाई रागावतात. मी बाईंना सांगितलं होतं की टीव्हीवर तिरप्याबी असंच म्हणते. आता बाई म्हणाल्या, बघ, खेकडासुद्धा सुधारला, तू कधी सुधारणार? सगळे हसले. तवापासून मी वर्गात काही विचारत नाही. पहिला भाग लिहिणारे तुम्हीच दुसरा लिहिला काय? का दुसरं कोणी आलं? एवढं मले कळवा. आपली, रश्मी डोमा मेश्राम.'

सेवकरामनी चार वेळा कागद घेतला. पहिल्याच ओळीला गाडी अडे. 'तुझं पत्र मिळालं, तुला सांगतो' लिहावं, तर आपणही बाईंच्या बाजूचे; 'तुले सांगतो' लिहावं, तर कोणत्या तोंडाने? चौथा कागद फाडून त्यांनी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं. मग रिटायरमेंट आली, भंडाऱ्यात घर झालं, शब्दकोशही सोबत आला. सोळा वर्षं गेली. शब्दकोश ते रोज उघडत, पण ती पानं सोडून.

परवा सकाळी ते तेजरामच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते. तेजरामने गळ्याला फडका बांधला, दोन्ही गालांवर फेस चढवला. मागच्या बाकड्यावर दोघं जण नंबर लावून होते: पितळी भांड्यांच्या दुकानाचा राजकुमार आणि रात्रपाळी उतरून आलेला, कारखान्यातला प्रफुल्ल. दोघंही तिशीच्या आसपासचे. राजकुमारच्या मोबाइलमधून एकाएकी आवाज आला,

"काहून?"

सेवकरामनी आरशातून मागे पाहिलं.

"अबे, तिरप्या!" प्रफुल्ल सरकून बसला. "कोठी भेटला तुले?"

"कोनतरी टाकला ना जुना. दोनी भाग हायेत. पन पाहाचा त दुसराच पाहा. कलर पाहा त्याचा!"

"कलर चाटतो काय? दुसरा भाग म्हंजे पानी टाकलेला वरन."

"तू शाना! दुसऱ्यात गाने हायेत, कोल्हा हाय, हवेली हाय. पयल्यात काय होतं? एक बांधी अन् चार जनावरं."

"अन् तोच तिरप्या होता ना बे! दुसऱ्यात त असा बोलते जसा पुन्याले मामाच्या घरी ठेवला होता."

तेजराम वस्तरा हवेत धरून हसला. "मानसाचे पोट्टे पुन्याहून आले की बोलनं बदलवतेत, हा त खेकडा होय भाऊ!"

"तसं नाही तेजरामभाऊ," प्रफुल्ल म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मले त पक्कं मालूम हाय. पयला लिहिनारा आपल्या इकडचा होता. मुंबईवाले म्हनले असतीन, हे गावठी बोलनं काढा. त्यानं सांगतलं असन, नाही काढत, जा! लाथ मारून आला असन. मंग त्याइनं दुसरा बसवला, पगारी. लिहिन्यावरूनच समजते ना."

"असन बा," राजकुमार पहिल्यांदाच नमला. "तसं असन त मानूस दमदार होता."

"आता कोठी असन का मेला, कोनाले मालूम."

आरशात सेवकरामना फेसाने भरलेलं स्वतःचं तोंड दिसत होतं. फेस होता म्हणून बोलता येत नव्हतं, अशी समजूत त्यांनी घालून घेतली. तेजरामने फेस काढला, तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आता तोंड मोकळं होतं. ते उठले, पैसे दिले आणि दमदार माणसाची गोष्ट तशीच बाकड्यावर सोडून खाली मान घालून बाहेर पडले.

खरी गोष्ट आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांना वाटे. दुसऱ्या भागाच्या वेळी मुंबईच्या वाहिनीतल्या एक बाई फोनवर फार अदबीने बोलल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "बाकीच्या प्राण्यांची भाषा जरा सगळ्यांना कळेल अशी करूया. तिरप्याचं मात्र तुम्ही बघा. त्याला तसाच ठेवलात तरी आमची हरकत नाही." हरकत नव्हती! आणि सेवकरामनी फोन ठेवला तो अशा समजुतीने की बाई निव्वळ शिष्टाचार पाळताहेत, मनातून त्यांना तिरप्याची लाजच वाटत असणार. कशाला त्यांना अवघडवायचं? आठवडाभर बसून त्यांनी दुसऱ्या भागासाठी लिहिलेल्या तेराच्या तेरा तुकड्यांतलं एकेक 'काहून' आपल्या हाताने खोडलं. कोणी दुसरा बसवला नव्हता. लाथही कोणी मारली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोश काढला. पत्राची घडी पिवळी पडली होती.

त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई तांदूळ निवडत होत्या. "कोनाले लिहून राहिले जी, आल्या आल्या?"

"त्या शहापूरच्या मुलीला. तिरप्याचं विचारलं होतं."

"अगं माय! ते पोरगी? तिचीच लेकरं शाळेत जात असतीन आता." त्यांनी सूप खाली ठेवलं. "लिहा. पन मुंबईवाल्याइच्या नावानं नोका खपवू."

त्या एवढं ओळखून होत्या, हे सेवकरामना तेव्हा कळलं.

या वेळी पहिल्या ओळीला ते अडले नाहीत. सहावीतली मुलगी आता सत्तावीस वर्षांची बाई. पण इकडे लहान पोरीलाही मायेने बाईच म्हणतात. त्यांनी लिहिलं:

'रश्मीबाई, तुवं पत्र भेटलं होतं. उत्तर द्यायले सोळा वर्सं लागली, हे मायी चूक. दोनी भाग मीच लिहिले. दुसरं कोनी आलं नाही. तिरप्याचं बोलनं मले कोनी बदलवायले लावलं नव्हतं. मलेच आपल्या बोलन्याची लाज वाटली. तुया बाईनं वर्गाले तुयावर हसवलं, त्याच्यात माया हात होता. तू बरोबर होती. वर्गात विचारनं बंद केलं म्हनून लिहिलं होतं. मंग कधी चालू केलं का नाही, हे विचारायचा मले हक नाही.'

पुन्हा वाचलं तेव्हा दोन-तीन ठिकाणी बोली चुकल्यासारखी वाटली. इतकी वर्षं शुद्ध लिहून हात बिघडला होता. दुरुस्त करायला त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. दुरुस्तीला बसलो की हे पत्रही फाडू, एवढं त्यांना स्वतःविषयी माहीत होतं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या पोरीने पाकीट उलटसुलट केलं. "काका, साधं टाकता का रजिस्टर?"

साधं टाकलं तर हरवू शकतं. त्या विचाराने सेवकरामना क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्यांना लाज वाटली.

"रजिस्टर," ते म्हणाले.

"पत्त्यात नुसतं गाव हाय. हे मेश्राम शहापूरलेच राहातेत ना अजून?"

"माहीत नाही. पत्र मुलीला आहे, वडिलांच्या नावावर टाकतो आहे. ते असले तर देतील."

"अन् नसले त वापस येईन. पाठवनाऱ्याचं नाव टाका."

खिडकीला दोरीने बांधलेलं पेन नीट उमटत नव्हतं. त्यांनी जोर देऊन, एकेक अक्षर गिरवून लिहिलं: सेवकराम दशरथ रंगारी, भंडारा. पोरीने वजन केलं, चिकटपट्टी लावली, शिक्का हाणला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकून दिलं.