अर्ध्यावरचा काटा

"पुन्हा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं टेबलावर नखानं टिचकी मारली.

सुनेनं रोखून धरलेला श्वास सोडला. भिंगाखाली हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीचं पॅनल होतं, आगपेटीहूनही लहान. त्यावर चोवीस तबकड्या, एकेक मोहरीच्या दाण्याएवढी, आणि प्रत्येकीत पांढरा काटा. सतरा झाले होते.

"काय चुकलं, बाबा?"

"वेगाचा काटा कुठे आहे विचारलं तर थांबलीस. आवाज अडखळला म्हणजे हातही अडखळला असणार. खरवड."

काटा अगदी बरोबर होता. पण म्हाताऱ्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, हे ती आठ वर्षांत शिकली होती. तिनं ब्लेड उचललं आणि काटा खरवडला. एका केसाचा ब्रश रंगात बुडवून तो पुन्हा तिथंच, तसाच काढला. या वेळी विचारायच्या आतच तिनं ठणकावून सांगितलं, "वेग नव्वद, काटा घड्याळातल्या चारच्या जागी."

"हं. आता कसं!"

म्हातारा पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हेलिकॉप्टरची मीटरं दुरुस्त करायचा. तिथं सगळे त्याला 'बिनचूक' म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. निवृत्तीनंतर त्यानं त्याच हेलिकॉप्टरांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती करायला घेतल्या. बाहेरचं धूड कुणीही करतं, म्हणायचा, कॉकपिट बिनचूक करून दाखवा. पुढे त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडला आणि वाढत गेला. कडेकडेचं दिसायचं, समोर धरलेलं दिसायचं नाही. तेव्हा त्याला सून आठवली. लग्नाआधी ती एका पार्लरमध्ये बायकांची नखं रंगवायची, नखावर फुलपाखरं काढायची. हात असा स्थिर की बघत राहावं.

"नखं रंगवणारीच्या हाती लढाऊ यंत्र द्यायची पाळी आली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पण कॉकपिट तिनं रंगवलंय हे मात्र चुकूनही बोलायचा नाही. "माझा हात अजून चालतो. सूनबाई डब्या उघडून देते, एवढंच." प्रतिकृतीच्या लाकडी बैठकीवर पितळी पट्टी असायची. तिच्यावर नाव त्याचं.

पहिल्या वर्षी, डाग अजून लहान होता तेव्हा, तिनं आठ दिवस खपून केलेलं पॅनल त्यानं थिनरच्या डबीत टाकलं होतं. का, तर दोन तबकड्यांची अदलाबदल झाली होती. "चुकीची तबकडी माझ्या टेबलावरून बाहेर जात नाही," असं म्हणून त्यानं डबी हलवली आणि सगळा रंग विरघळेपर्यंत तिला समोर उभं ठेवलं. नवरा म्हणाला, "वय झालंय त्यांचं, ऐकून घे." नवऱ्याचं काय जातंय म्हणायला! तो कामावर गेला की घरात ही दोघंच.

आताचं काम संग्रहालयाचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी एक हेलिकॉप्टर शेतात कोसळलं होतं, आत एकटा पायलट. त्याच्या घरच्यांना तेच हेलिकॉप्टर हवं होतं, त्या दिवशी हवेत होतं तसं. सोबत फोटोंची फाइल आली होती. म्हाताऱ्याला फोटो दिसत नव्हते आणि नकोही होते. "माझ्या हाताखालचं यंत्र आहे ते. सगळं डोक्यात आहे."

"टाकीतल्या तेलाचा काटा," तो आता म्हणाला, "अर्ध्यावर."

तिनं ब्रश उचलला आणि फाइलकडे पाहिलं. पडलेल्या हेलिकॉप्टरच्या पॅनलचा फोटो उघडाच होता. काच तडकलेली, चिखल उडालेला, पण काटा स्वच्छ दिसत होता.

"बाबा, फोटोत शून्यावर आहे."

"फोटो नंतरचा आहे. साहेब लोक आले, मग काढला. त्यांच्या आधी मी पोचलो होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, अर्ध्यावर होता."

"मग खाली कसा आला?"

"कसा म्हणजे..." म्हाताऱ्याचा हात आपोआप पुढे गेला आणि पाण्याच्या पेल्याच्या काचेवर नखानं टिचकी बसली. टिच. मग तो हात तसाच हवेत राहिला.

"तुला काय करायचंय?" तो एकदम खेकसला. "सांगितलं तेवढं कर. अर्ध्यावर!"

तिनं अर्ध्यावर काढला. म्हाताऱ्यानं त्या दिवशी पुढच्या सहा तबकड्यांना एकदाही 'पुन्हा' म्हटलं नाही.

एवढा लहान काटा कोण बघणार होतं म्हणा. काचेच्या पेटीत, दोरीच्या पलीकडे, मोहरीएवढ्या तबकडीत केसाएवढी रेघ! कदाचित म्हणूनच त्यानं तिथं खरं बोलून घेतलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं तबकड्यांवर वॉर्निशचे थेंब सोडले, कॉकपिटची पारदर्शक टोपी चिकटवली, पट्टी ठोकली.

नेमका ठरल्या दिवशी सकाळी संग्रहालयातून फोन आला. न्यायला त्यांचा माणूस येणार नव्हता. पायलटची मुलगी स्वतःच येणार होती, दुपारी. "घड्याळं दुरुस्त करतात त्या," फोनवरचा माणूस म्हणाला. "फार बारीक नजर आहे. त्यांना तुमचं कॉकपिट नीट बघायचंय."

म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

"अगं ए," त्यानं हाक मारली. "तो तेलाचा काटा खाली घे. शून्यावर."

"टोपी चिकटवलीय, बाबा. वॉर्निशही वाळलंय."

"टोपी काढ, खरवड. किती वेळा खरवडलंयस."

"पण अर्ध्यावरच होता ना?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. आवाजही खाली आला, आठ वर्षांत पहिल्यांदा. "आदल्या दिवशी त्या पायलटनं सांगितलं होतं, काटा अडकतोय म्हणून. मी मीटर उघडलं नाही. वरून टिचकी मारली, काटा हलला, दुरुस्त म्हणून सही केली. आता चाळीस वर्षांनी उकरून कुणाचं भलं होणार आहे? शून्यावर घे. फोटोत आहे तसं."

तिला सगळं लख्ख कळलं. हवेत तेल संपत गेलं आणि काटा अर्ध्यावर अडकून बसला. पायलट काट्यावर विश्वासून उडत राहिला. आणि पडलेल्या यंत्रापाशी सगळ्यांच्या आधी पोचून या माणसानं काचेवर आणखी एक टिचकी मारली होती. मोकळा झालेला काटा शून्यावर आला, टाकी रिकामीच होती, पुढचं चौकशीवाल्यांनी लिहिलं: पायलटचं तेलाकडे लक्ष नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

ती टेबलाशी बसली. ब्लेड घेतलं आणि रंगाच्या रिकाम्या डबीचं झाकण खरवडायला लागली. खर्र, खर्र. म्हातारा कान देऊन ऐकत होता.

"झालं?"

"काटा शून्यावर," ती म्हणाली. आवाज जराही अडखळला नाही. त्यानंच तयार केला होता तो आवाज.

पायलटची मुलगी दुपारी आली. पन्नाशीला टेकलेली, केस आखूड, खांद्याला साधी पिशवी. म्हाताऱ्याच्या पायाशी वाकायला लागली तेव्हा त्यानं पाय मागे ओढून घेतले.

"काका, तुम्ही बाबांना ओळखत होता ना?"

"ओळखत होतो. चांगला माणूस." मग घाईघाईनं, "सूनबाई, चहा बघ."

सून दारातच थांबली. मुलीनं पिशवीतून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कॉकपिटवर वाकली.

"अगदी सगळं आहे हो," ती वाकल्या वाकल्या बोलत होती. "मला पॅनल पाठ आहे, फोटो बघून बघून. आई म्हणायची, त्यांना काट्याकडे बघायलाही सवड नव्हती. शेवटपर्यंत म्हणायची. त्यांचा एक फोटो लावू दिला नाही घरात. मीसुद्धा..." ती थांबली. आणखी खाली वाकली. "काका, हा अर्ध्यावर आहे."

म्हाताऱ्यानं मान वळवली. मधल्या काळ्या डागातून त्याला काही दिसणार नव्हतं, पण सुनेच्या दिशेनं बघायचा त्यानं पुरेपूर प्रयत्न केला.

"चुकलं असेल," तो म्हणाला. "म्हणजे, माझं नाही ते. हिचं आहे. सगळ्या तबकड्या हिच्याच हातच्या. आधी नखं रंगवायची बायकांची, हिला काय कळतंय तेलातलं? मला दिसत नाही, म्हणून ही काहीही..."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. आठ वर्षांत त्यानं पहिल्यांदाच तिचं काम तिच्या नावावर केलं होतं.

तिच्या मनात न्यायबिय काही नव्हतं. त्या पायलटला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तिला दिसत होती फक्त थिनरची डबी.

"चुकलेलं नाही," ती म्हणाली. "चुकीची तबकडी बाबांच्या टेबलावरून बाहेर जात नाही. सगळ्यांच्या आधी तेच पोचले होते तिथं. त्यांनी स्वतः पाहिलाय काटा, अर्ध्यावर."

मुलीनं डोळ्याचं भिंग काढलं.

"मग शून्यावर कसा आला?" तिनं सुनेला विचारलं. "वहिनी, कसा आला?"

म्हाताऱ्याचा हात टेबलावर होता आणि बोटं आत वळलेली होती, नखं दिसू नयेत अशी.

"ते बाबांना विचारा," सून म्हणाली. "मी फक्त डब्या उघडून देते."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.