सात घरांची घंटा

जामसिंग माझ्याकडे मान वर करून बघत नाही. रोज येतो, प्रार्थनाघरात रचलेल्या कडब्यातली पेंढी ओढतो आणि खालमानेनं निघून जातो. बैलाशी दोन शब्द बोलेल, पण शेजारच्या झोपडीत राहणाऱ्या सख्ख्या आईशी बोलणार नाही. असला मुलगा बघून माझं अंग तापतं.

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. साध्या पितळेची नव्हे, काशाची. दर्यापारच्या भट्टीत मला ओतलं, आगगाडीनं नंदुरबारला आणलं आणि बैलगाडीनं तळोद्याच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. ओढ्यात गाडी रुतली, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या सात भिल घरांनी मला खांद्यावर घेतलं. त्यांच्यातल्या जान्यानं, जामसिंगच्या बापानं, सागाच्या चौकटीत टांगलं. त्याची बायको कमलीबाई तेव्हा नवी नवरी. पहिला दोर तिनं ओढला. माझा आवाज तीन गावांना ऐकू जाई. बढाई नाही मारत, होतं ते सांगते.

पण आवाज लांब गेला म्हणून माणसं जवळ येतात असं नाही.

गावचा कारभारी आणि त्याची बायको जसोदाबाई यांच्या मुलीचं लग्न होतं. भिलांच्या लग्नात पानाच्या दोन्यातून मोहाची दारू देतात. आधी चार थेंब जमिनीवर, मेलेल्या वाडवडिलांसाठी, मग घोट. पाद्रीसाहेबानं दारूला शिवू नका म्हणून बजावलेलं. सातही घरांनी दोने भरलेलेच खाली ठेवले, चार थेंबसुद्धा सांडले नाहीत. गावाला वाटलं, यांना आपले वाडवडीलच नकोत. साहेबाला थेंबांचं ठाऊक नव्हतं, आणि या शहाण्यांनी त्याला सांगितलं नाही. तोंडं काय नुसती गाणी म्हणायला दिली होती?

त्या दिवसापासून सातही घरं वाळीत पडली, चुलीला विस्तव मिळेना. जान्या तापानं गेला, तर गावातलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. पहिल्या मोठ्या लढाईत साहेब निघून गेला. मग कुणी नंदुरबार गाठलं, कुणी पंचांपुढे दोना पिऊन गावात परतलं. जामसिंगला कुणी मुलगी देईना, तेव्हा तोही पंचांपुढे दोना प्यायला. त्याचा मला राग नाही. वाळीत पडलेलं आयुष्य सोपं नसतं. पण पंचांनी अट घातली, आईचा उंबरा ओलांडायचा नाही. ती त्यानं बारा वर्षं पाळली.

कमलीबाई दर रविवारी मला वाजवायची. गाणं एकटीच म्हणायची, आमेनही एकटीच. छप्पर बसलं, बाकं वाळवीनं खाल्ली, माझ्यावर हिरवी पुटं चढली. तरी दोर तिनं सोडला नाही.

यंदा शिमग्यानंतर एका रविवारी दोर हललाच नाही. सोमवारी तिच्या चुलीचा धूरही दिसला नाही. जामसिंग पेंढी घेऊन झोपडीपाशी थांबला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. तेवढ्यात काठी टेकत जसोदाबाई आली. तिचं माहेर तळोद्याचं, त्यामुळे बोली अहिराणी.

"काल ऐतवार व्हता. घंटा का नही वाजनी?"

माय बिमार शे, असं तो पुटपुटला.

"मंग तू बाहेर काय करी ऱ्हायना?"

"पंचेसनी अट शे, काकी."

"ती अट मन्हा धनीनी घाली व्हती. त्याले मरीसन पाच वरीस व्हयनात. तू कोनले घाबरी ऱ्हायना?" ती दाराकडे वळली. "तिनी घंटा वाजनी का मी भाकरी टाकस. काल चुल्हाच उशिरा पेटना."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं ऐकणारी एक कमलीबाईच.

जसोदाबाईनं जामसिंगच्याच घरून पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि सरळ आत गेली. कमलीबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती तिला घोट घोट पाणी पाजू लागली.

मित्रांनो, ओसाड देऊळ, मशीद, चर्च कुठंही दिसलं, तर नुसते दगड बघून पुढे जाऊ नका. शेजारी कुणी मागं उरलेलं माणूस असेल. त्याच्या दारात जाऊन विचारा, कसे आहात म्हणून.

जामसिंग अजून उंबऱ्याबाहेरच होता. इतकी वर्षं मी नुसती वाजले, आज बोलले.

"जामसिंग, तुझ्या आईला वाळीत टाकणारं गावात आता एकच घर उरलंय, आणि ते तुझं आहे."