चार बोटं खाली

तिची लाल गाडी धावायची झकास, पण दिसायला अगदीच ध्यान होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात एवढी मोठी फट, की आखूड झालेली पँट घातलेला माणूसच आठवावा. तिचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर लोकांचं रूप सुधारायचं आणि संध्याकाळी असल्या गाडीत बसून घरी जायचं, हे तिला खटकायचं.

"चार बोटं खाली आली ना, की बघा कसली रुबाबदार दिसते," ती जेवताना म्हणाली.

"लोक गाडी खड्ड्यातून वर काढतात, ही खाली घालायला निघाली," सासरे म्हणाले. त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं होतं.

गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा नवा संच तिच्या बजेटच्या कितीतरी बाहेर होता. नवरा ट्रक दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "अगं, पैसे कशाला घालवतेस? आहेत त्याच स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापतो. फुकटात काम!"

नमुना म्हणून त्याने तिला मित्राच्या गाडीतून फिरवून आणलं. त्या गाडीच्या स्प्रिंगा त्यानेच कापल्या होत्या. पहिल्या खड्ड्यात तिचे दात दातांवर आपटले, दुसऱ्यात डोकं छताला लागलं. वळणावर खालून खण्ण आवाज आला.

"हे काय वाजलं?"

"स्प्रिंग आखूड झालीय ना. चाक जरा लटकलं की जागेवरून हलते."

"आणि निसटली तर?"

नवऱ्याने रेडिओ मोठा केला.

मग ती स्वतःच भंगाराची आवारं पालथी घालू लागली. तिसऱ्या ठिकाणी नशीब उघडलं. तिच्याच गाडीची बहीण, पण जोरात पळवायची हौस असलेल्या लोकांसाठी काढलेली, छत चेपून पडली होती. खालच्या स्प्रिंगा मात्र धडधाकट, आणि कारखान्यातूनच आखूड आलेल्या. आवाराची मालकीण तोंडाने गोड होती, पण किंमत सांगताना अजिबात गोड नव्हती.

"ताई, एवढे नाहीत हो माझ्याकडे."

"करतेस काय तू?"

"केस कापते. सजवतेही."

मालकिणीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शनिवारी माझ्या मुलीचं लग्न आहे. घरातल्या सगळ्या बायकांचे केस करशील? मग अर्ध्या किमतीत ने, पैसे लग्नानंतर दे."

गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, अंगणात गाडी जॅकवर चढली. नवऱ्याने गॅरेजमधून स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा आणला होता. एक गंजका बोल्ट काही केल्या हलेना. नवऱ्याने तेल घातलं, विनवण्या केल्या, शेवटी शिव्या घातल्या. तेव्हा कुठे तो सुटला. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली आणि ऐटीत बसली. ती गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता छान शहाण्यासारखी दिसते."

सगळे गाडीत बसले, गाडी फाटकातून निघाली आणि पोटाखालून आवाज आला: खर्रर्र! फाटकापासून रस्त्यापर्यंतचा उतार इतका उभा होता, की गाडी त्यावरच टेकली.

"बघ! सांगितलं होतं," सासरे खुशीत म्हणाले.

"हा उतार कुणी बांधला, बाबा?"

तो त्यांनीच बांधला होता. ते खाली उतरले आणि उतार पावलांनी मोजू लागले. गाडी मागे घेऊन अंगणात लावली, तरी ते मोजतच होते.

शुक्रवारी ती दुकानातून चालत परतली, तर जुना उतार फोडलेला, त्या जागी लांब, निवांत असा नवा उतार ओतलेला. सासरे थापी धूत होते.

"आता चालव नवाबासारखी," ते म्हणाले. "पण चार दिवसांनी. ओल्या सिमेंटवर चाक घातलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"बाबा, उद्या लग्न आहे! माझं सामान केवढं!"

सासऱ्यांच्या हातातली थापी थांबली. "अरे देवा," एवढंच ते म्हणाले.

शेवटी तिने मालकिणीला फोन लावला. सकाळी गल्लीत तिच्या आवाराचा, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा भला मोठा ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने तिच्या पेट्या वर घेतल्या, नवऱ्याने तिला ढकलून वर चढवलं. गाडी खाली आणायला निघालेली बाई अख्ख्या गल्लीच्या डोक्यावरून लग्नाला गेली. शेजारणींनी खिडक्यांतून हात हलवले, तिनेही राणीसारखा हलवला.

लग्नघरी ती दुपारपर्यंत राबली. नवरीची वेणी मनासारखी जमली. सगळ्यात शेवटी मालकीण आरशासमोर बसली. केस झाल्यावर तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे वळवली.

"बरं झालं नाही का, ताई?"

"गप गं. बघू दे जरा." मग डोळे टिपत ती म्हणाली, "ते अर्धे पैसेही राहू देत. त्यात चाकांची अलाइनमेंट करून घे, नाहीतर गाडी टायर खाईल."

सिमेंट वाळल्यावर सासरे न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसले. गाडी उतारावरून अलगद रस्त्यावर आली. कुठे टेकली नाही, की कुरकुरली नाही. कोपऱ्यावर तिने झोकदार वळण घेतलं, तसं सासऱ्यांनी दारावरची मूठ पकडली.

"घाबरलात, बाबा?"

"छे!" मूठ न सोडता ते म्हणाले. "त्या मोठ्या रस्त्याला घे. तिथे हिला जरा पळू दे."