मी किटली नव्हे

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझं तारुण्य बिस्किटांच्या दुकानात गेलं. दुकानात येणारं प्रत्येक मूल आधी माझ्याकडे बघायचं. मग विज्ञानाच्या बाईंनी मला शाळेत आणलं, माझं बूड कापून घेतलं आणि मला डोक्यावर उभं केलं. माझी काच काचच राहिली, म्हणून याला भौतिक बदल म्हणतात. जिचं बूड जातं तिला विचारा कसं वाटतं ते.

तोंडात रबरी बूच, बुचातून आत आलेल्या कार्बनच्या दोन कांड्या आणि प्रत्येक कांडीवर पाण्याने भरून उपडी घातलेली एक परीक्षानळी, असा माझा नवा थाट होता. बॅटरी जोडली की माझ्यातल्या पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू तयार होत. याला विद्युत अपघटन म्हणतात. मुलं माझ्याभोवती गर्दी करत. पुढे वर्गात पडदा आला, प्रयोग त्याच्यावरच दिसू लागले आणि मी कपाटात धूळ खात पडले.

एके दिवशी मुख्याध्यापक ते कपाट रिकामं करायला आले. त्यांना तिथे शाळेने खेळात जिंकलेल्या ढाली मांडायच्या होत्या.

"ही बरणी बुडबुडे काढते ना? तेवढं तर आमची चहाची किटलीही करते. टाका भंगारात."

किटलीशी बरोबरी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, एकदा चालवून दाखवते. मग हवं तर टाका," बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि पाणी भरलं. बाईंनी बॅटरी जोडली. एकही बुडबुडा येईना. मुख्याध्यापक घड्याळ बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, कुठलं पाणी घातलंत?"

"सीलबंद बाटलीतलं डिस्टिल्ड, एकदम शुद्ध. मोठे सर येणार, त्यांच्यासमोर साधं कशाला?"

बाईंनी कपाळाला हात लावला. इतक्या शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. त्यांनी त्यात चमचाभर धुण्याचा सोडा ढवळला, नळ्या त्याच पाण्याने पुन्हा भरल्या आणि माझ्यात जीव आला.

"आता उकळलं," मुख्याध्यापक समाधानाने म्हणाले.

"बरणीला हात लावून बघा."

त्यांनी भीतभीत माझ्या गालाला बोट लावलं. "गार आहे की."

"वाफ गार झाली की परत पाणी होतं. तो भौतिक बदल. नळीतला हा वायू गारच आहे, तरी त्याचं पाणी होत नाही. कारण आता ते पाणी राहिलेलंच नाही. हा रासायनिक बदल."

बाईंनी वायूने जास्त भरलेली नळी उचलली आणि तिच्या तोंडाशी पेटती काडी धरली. फट्ट आवाज झाला. मुख्याध्यापकांनी मामांचा दंड घट्ट पकडला.

"हा हायड्रोजन जळला, सर. नळीत आतून दव धरलंय बघा. आता झालं त्याचं पाणी."

मुख्याध्यापक बराच वेळ नळीत बघत राहिले. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"मामा, ढाली राहू द्या बाहेर. बाई, परत एकदा. या वेळी काडी मी लावतो."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणालाही भंगारात काढण्याआधी त्याला त्याचं काम एकदा करू द्या. मला टाकायला आलेला माणूस त्या दिवशी काड्यांची पेटी संपेपर्यंत जागचा हलला नाही.