ब्रेकचं रबर

जिभेचं टोक दातांत धरून घड्याळजींनी पक्कड आवळली आणि पत्र्याच्या कडा रबरावर दाबल्या. सुनेच्या सायकलच्या ब्रेकचं रबर आठवड्यात दुसऱ्यांदा पत्र्याच्या खोबणीतून निसटलं होतं. पहिल्या वेळी त्यांनी सगळा दोष रबरावर ढकलला. आता मात्र त्यांना आपल्या हाताची थरथर दिसत होती. या थरथरीपायीच गेल्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून घरात कुणी त्यांच्या हाती साधा स्क्रूही देत नव्हतं. नवी सून तेवढी भाबडी. आल्या महिन्यातच सायकल त्यांच्यापुढे उभी करून मोकळी झाली.

हेही निसटलं तर हात कामातून गेले, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी सून दवाखान्यातल्या कामावरून परतली ती सायकल ढकलत. रबर पुन्हा निसटलं होतं. उद्यापासून बस धर, ह्यांच्या कारागिरीपायी हातपाय मोडून घेशील, असं सासूबाईंनी दारातूनच सुनावलं.  घड्याळजींनी दोन्ही हात बगलेत घातले.

सून त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"बाबा, रागावणार नाही ना?"

"बोल."

दवाखान्याच्या ड्रायव्हरने दाखवलेलं ती चाचरत सांगू लागली. पत्र्याची एक बाजू बंद असते, एक उघडी. बंद बाजू पुढे हवी. आपली उघडी पुढे आलीय, त्यामुळे ब्रेक दाबला की फिरतं चाक रबराला पुढे ओढून बाहेर काढतं.

घड्याळजी सायकलपाशी वाकले. पत्र्याची उघडी बाजू त्यांनी बोटाने चाचपली.

"म्हणजे मी घट्ट बसवलं होतं?"

"घट्ट? दुसऱ्या बाजूचं काढताना ड्रायव्हरना घाम फुटला."

"हात बरोबर होते?"

"हात बरोबर होते, बाबा. नुसतं उलटं बसलं."

घड्याळजी हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतका आनंद त्यांना वर्षभरात झाला नव्हता. दहा मिनिटांत दोन्ही ब्रेक सरळ बसले. सून उतारावरून सुसाट गेली, खाली कचकन थांबली आणि तिथूनच तिने हात हलवला.

फाटकाला टेकून सगळं ऐकत असलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "उलटं बसवणारा हा दीडशहाणा कोण?"

"मी," घड्याळजी छाती पुढे काढून म्हणाले, आणि समोरच्यांना अजून कळलं नसेल म्हणून रस्ता ओलांडून त्यांचंही दार वाजवलं.