मुकादमाचे खडे

जो दात चावत नाही तो जातो, हे कवळीवाल्याने अख्ख्या गल्लीला ऐकवून ऐकवून वीट आणला होता. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांत प्लास्टर ओतायचं आणि त्यावरून कवळ्या घडवायच्या, हे काम तो पंचवीस वर्षं करत होता. त्यामुळे त्याला माणसं ठाऊक होती ती तोंडापुरती. साच्यात हनुवटीखालचं काही येत नाही.

घरात एक बोका होता. खोल्याखोल्यांतून पाहणी करत फिरायचा म्हणून त्याचं नाव मुकादम. पोटचं पोर नसलेल्या बायकोचा तो जीव की प्राण. त्याचा पिशवीतला कोरडा खाऊ वाटीत खडखड पडायचा, म्हणून ती त्याला ‘खडे’ म्हणायची. ‘मुकादमाला खडे घातले का?’ हे वाक्य त्या घरात रोज दोनदा तरी व्हायचं.

यंदा मुकादम दोन्हीकडून बिघडला. तोंडाला वास, हिरड्या लालभडक, एक दाढ कुजलेली. आणि लघवी थेंब थेंब. बायको त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लघवीत बारीक खडे झाले होते. बाईंनी बजावलं, की आता डब्यातलं ओलं औषधी खाणंच द्यायचं, त्याने खडे विरघळतील. कोरडं एकदम बंद. दाढ मागाहून काढू. पण लघवी अडली, तर तासभरही थांबू नका.

बायकोने घरी येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा कवळीवाल्याची पॉलिशची मोटर घरघरत होती. त्याच्या कानात शिरलं ते एवढंच, की मुकादमाने आता मऊ खायचं. त्याचं डोकं सणकलं. दात दुखतो म्हणून मऊ खायचं, मऊ खाऊन दात घालवायचे आणि मग यायचं रडत आमच्याकडे, असं तो दोन दिवस पुटपुटत होता.

तेवढ्यात बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. चार-पाच दिवस जाणं भाग होतं. ‘फक्त डब्यातलं’ असं कागदावर लिहून तिने तो फ्रिजवर डकवला आणि नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. त्याने मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्याने दातांसाठीच्या टणक खड्यांची नवीकोरी पिशवी आणून फोडली. मनात वाईट काही नव्हतं. आपल्याला जास्त कळतं एवढंच होतं, आणि तेच वाईट.

पाचव्या दिवशी बायकोचा फोन आला.

“खडे गेले का हो?”

क्षणभर तो चपापला. हिला कळलं कसं? पण आवाजात भांडण नव्हतं, उलट काळजीच होती. म्हणजे आलं म्हणायचं हिला पटून.

“गेले की. एकही राहिला नाही,” तो म्हणाला.

“बाई गं, सुटले मी. मग आणखी दोन दिवस राहते हिच्याजवळ.”

त्या दोन दिवसांत मुकादम उठून उठून वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बायकोवर रुसलाय, असं कवळीवाल्याने ठरवून टाकलं. तरी त्याने त्याला मांडीवर घेतलं, जबडा उघडला आणि बॅटरी मारून पाहिलं. हिरड्या बऱ्या वाटल्या. तो खूश झाला.

बायको आली तेव्हा मुकादम ट्रेमध्येच आडवा पडला होता. पोट टणक झालं होतं. ती पायातल्या चपला न काढता त्याला टोपलीत घालून तशीच बाहेर पळाली. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिली, पण उशीर झाला होता. दुपारी टोपली रिकामीच घरी आली.

“तूच तर विचारलंस, खडे गेले का,” कवळीवाला म्हणाला. खोटं नव्हतं ते. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

दोन दिवस बायकोने घर झाडलं, पुसलं, ट्रे बाहेर ठेवला. सोफा सरकवला तेव्हा मागे मुकादमाने ओकलेलं वाळून पडलेलं दिसलं. तिने ते कागदावर गोळा केलं आणि त्याच्या कामाच्या टेबलावर, पांढऱ्या जबड्यांच्या रांगेशेजारी आणून ठेवलं.

“तुम्ही दातांमधले ना,” ती म्हणाली. “सांगा मला, ह्यातला त्याने चावलेला कोणता.”

त्याने भिंग डोळ्याला लावलं. चिमट्याने एकेक खडा उलटा केला, सुलटा केला. सगळे अख्खे होते. दुखऱ्या तोंडाने त्याने ते नुसते गिळले होते. एकावरही दाताची खूण नव्हती.

त्याने भिंग खाली ठेवलं, तेव्हा ती अजून तिथेच उभी होती.